'येट'ची जागा

मी एक जुनी सागवानी पट्टी आहे, मित्रांनो. लांबीला वीतभर, रुंदीला चार बोटं. माझ्या अंगावर हिरव्या रंगात तीन इंग्रजी अक्षरं आहेत. ती जोडून वाचली की शब्द होतो 'येट'. म्हणजे आपलं 'अजून'. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा शब्दाची ती कहाणी काय असणार! म्हणा बापडे. हे ऐकून घेणं माझ्या कपाळी पहिल्यापासूनच लिहिलेलं आहे. पण आलाच आहात, तर घटकाभर बसा.

माझा जन्म जावा बेटावरच्या पारे गावात झाला. या गावाला इंग्रजीचं वेड आहे. गल्लोगल्ली इंग्रजीचे वर्ग आणि रस्त्याने सायकलवरून जाता जाता मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडणारी माणसं. साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या विनार्तो नावाच्या कारकुनाने आपल्या ओसरीवर असाच एक वर्ग काढला. तिथे वडीलधाऱ्या माणसाला 'पा' म्हणतात, म्हणून ते सगळ्या गल्लीचे पा विनार्तो झाले. शिकवता शिकवता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. लोकांना इंग्रजी शब्द पाठ होते, पण त्या शब्दांच्या वाक्यातल्या जागा ठाऊक नव्हत्या. मग त्यांनी कासेमान सुताराला गाठलं. कासेमानकडे कुणाच्या तरी लग्नाच्या पलंगातून उरलेलं सागवान पडलं होतं. त्यातून त्याने एकोणचाळीस पट्ट्या कापल्या.

"एवढासा तुकडा उरलाय, पा. फेकून देऊ?"

"फेकतोस काय! माझ्याकडे तीन अक्षरांचा एक शब्द बाकी आहे. बसेल त्यावर."

अशी मी चाळिसावी.

पांनी आम्हाला आपल्या हाताने रंगवलं. कॅन, मे, मस्ट, विल, शुड ही मंडळी लाल. येणं, शक्य असणं, करायलाच हवं असणं, हे सगळं त्यांच्या हातात, म्हणून त्यांचा तोरा मोठा. खाणं, पोहणं, शिकणं अशी खरी कामं करणारी क्रियापदं पिवळी. काम करणारा जो कोण असेल तो निळा. 'नॉट' एकटी काळी. आणि आम्ही क्रियाविशेषणं हिरवी. पांचा नियम असा, की हिरवीने लालच्या मागे आणि पिवळ्याच्या पुढे उभं राहायचं. तो नियम ते दिवसातून पन्नास वेळा ओरडून सांगत.

शिकणारे एकेक पट्टी छातीशी धरून ओसरीवर रांगेत उभे राहत. वाक्य चुकलं की माणसांनीच जागा बदलायच्या. जावाच्या माणसाच्या बोलण्यात 'आधीच' आधी येतं आणि 'येतं' नंतर. त्यामुळे 'ऑलरेडी' धरणारा हमखास 'कॅन'च्या पुढे जाऊन उभा राही.

"अरे बाबा, लाल साहेबाच्या पुढे कशाला नाचतोस?" पा ओरडत. "त्यांना आधी जाऊ दे! तू मागे हो!"

"पण पा, आमच्याकडे आम्ही पुढेच असतो."

"तुमच्याकडे असता ना? मग तुमच्याकडे जाऊन पुढे राहा. इथे मागे!"

सगळी ओसरी हसायची. 'ऑलरेडी' ही सगळ्यांची लाडकी होती. मला आधीच येतं, हे म्हणायला कुणाला आवडत नाही? तिच्या कडा हातांनी घासून घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मला कुणी उचलतच नसे.

त्याला कारण होतं. काळी 'नॉट' रांगेत शिरली, की आमची बसायची व्यवस्था बिघडायची. 'स्टिल' एरवी शहाण्यासारखी लालच्या मागे उभी राहायची. पण 'नॉट' दिसली, की ती घाबरून लालच्याही पुढे पळायची. 'प्रॉबेब्ली'चीही तीच तऱ्हा. मी मात्र कधी पळाले नाही. 'नॉट'च्या पाठीला पाठ लावून तरी उभी राहिले, नाहीतर सगळ्यांना पुढे जाऊ देऊन अगदी शेवटी. पण मी शेवटी जाऊन पोहोचेपर्यंत लोकांना वाटायचं, वाक्य संपलं. ते टाळ्या वाजवून मोकळे व्हायचे आणि मला धरणारा माणूस तसाच उभा राहायचा. मला फार वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एकट्या पांना माझी किंमत होती. ते म्हणत, "बाकीच्या पट्ट्या हरवल्या तर चालेल. हिच्यावाचून आपल्या माणसाला इंग्रजीत तोंड उघडता यायचं नाही." कारण आमच्याकडे तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. आमचा एक शब्द आहे, 'बलुम'. अजून नाही. जेवलास का? बलुम. घर बांधलंस का? बलुम. पांच्या स्वयंपाकघरात रांधणारी तुगिनेम होती. सगळे तिला म्बोक म्हणत, म्हणजे मावशी समजा. ती सदुसष्ट वर्षांची असताना खानेसुमारीचा माणूस आला आणि त्याने विचारलं, लग्न झालंय का? म्बोक म्हणाली, बलुम. त्याने कागदावर 'नाही' लिहिलं. म्बोकने डोकावून पाहिलं मात्र, आणि झाऱ्यासकट त्याच्यावर धावून गेली.

"हे काय लिहिलंस? मी 'अजून नाही' म्हटलं! तू काय माझं नशीब वाचून आलास?"

बिचाऱ्याने खोडून पुन्हा लिहिलं.

पुढे पा थकले. वर्ग त्यांच्या मुलीकडे, बू रेत्नोकडे आला. 'बू' म्हणजे बाई. बू रेत्नोने भिंतीवर पांढरा पडदा लावला आणि शब्द आता उजेडाने उमटू लागले. वाईट काही नव्हतं त्यात, उगाच कशाला नावं ठेवू! पण आम्ही चाळीसजणी पोत्यात गेलो. एके दिवशी म्बोकचं ताहू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, तळायचं टेबल डुगडुगू लागलं. तिने पोत्यात हात घातला, सगळ्यांत लहान पट्टी काढली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. ती मी. अक्षरं जमिनीकडे, पाठीवर टेबल, आणि वरून तेलाचे थेंब. सहा वर्षं मी तिथे होते. म्बोक रोज म्हणायची, "आता कसं ठाकठीक बसलंय!" मला इतका संताप यायचा, पण लाकडाचा संताप कोणाला दिसणार?

तिथेच मला विजी भेटली, म्हणजे आधी तिची पावलं भेटली. विजी विलिस डोंगरावरच्या एका गावातली सुईण. अकरा वर्षं बाळंतपणं करत होती. चौतीस वर्षांची, बोलायला मऊ, आणि हात कायम कशात तरी गुंतलेले. ती महिनाभरासाठी बू रेत्नोच्या वर्गात राहायला आली होती आणि संध्याकाळी म्बोकला ताहू कापून द्यायची. सिंगापूरच्या एका इस्पितळात दरवर्षी आमच्या भागातल्या एका सुईणीला वर्षभर शिकायला नेत. मुलाखत सुराबाया शहरात, इंग्रजीत. वयाची अट पस्तिशीच्या आत. मागच्या वर्षी विजी नापास झाली होती. आता ही शेवटची खेप होती, पुन्हा संधी नव्हती.

"झालं काय होतं गं तेव्हा?" म्बोकने विचारलं.

विजीची सुरी थांबली. "सगळं बरं चाललं होतं, म्बोक. मग मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणाल्या, जन्मल्यावर बाळ श्वास घेत नसेल, तर मुखवटा लावून, फुगा दाबून त्याला श्वास देता येतो का तुम्हाला?"

"मग?"

"मला नाही येत. आमच्या दवाखान्यात त्या सामानाची पेटी आली, पण शिकवायला माणूस आलाच नाही. तीन वर्षांमागे एक बाळ निळं पडलं. मी ती पेटी फोडली. मुखवटा नीट बसेना, हवा बाजूने जाई. मग त्याला घेऊन मोटरसायकलवर डोंगर उतरले." तिने सुरी खाली ठेवली. "अर्ध्या वाटेत गेलं ते."

म्बोकने झारा बाजूला ठेवला. तेल तडतडत राहिलं.

"म्हणून तर शिकायचंय मला," विजी म्हणाली. "त्या बाईंना मी सांगायला गेले, बलुम. मला अजून येत नाही. म्हणाले, आय स्टिल कॅनॉट. बाईंनी भुवया उडवल्या. म्हणाल्या, अकरा वर्षं झाली आणि? आणि कागदावर रेघ मारली."

"मग सरळ नाही म्हणायचंस की!"

"नाही कसं म्हणू, म्बोक? नाही म्हटलं की संपलंच."

मागच्या दारी खुर्चीत पा चहा पीत बसले होते. ऐंशी ओलांडलेले. जेवायची वेळ विसरायचे, पण चुकीचं वाक्य कानावर पडलं की ताठ बसायचे.

"काय म्हणालीस, न्दुक? पुन्हा म्हण." आमच्याकडे म्हातारी माणसं लेकीच्या वयाच्या बाईला न्दुक म्हणतात.

विजीने पुन्हा म्हटलं.

पांनी कपाळावर हात मारला. "अगं, तुला म्हणायचं होतं 'अजून येत नाही'. आणि तू म्हणून आलीस 'अजूनही येत नाही'! त्या बाईंना वाटलं, ही स्वतःलाच कंटाळलीय. एका 'ही'ने घात केला तुझा!"

"शब्दकोशात 'बलुम'पुढे तेच होतं, पा."

"शब्दकोशाला काय जातंय! रेत्नो, ते पोतं आण!"

बू रेत्नोने पोतं आणलं. पांनी जमिनीवर पट्ट्या ओतल्या आणि मोजल्या. एकोणचाळीस. पुन्हा मोजल्या.

"चाळिसावी कुठाय? सगळ्यांत लहान होती ती."

म्बोक एकदम ताहू उलटण्यात गढून गेली. "मला काय ठाऊक?"

"तुगिनेम!"

"बरं बाई, टेबलाखाली आहे! डुगडुगत होतं, मग काय करणार? चांगली सहा वर्षं उपयोगी पडली, म्हणायला हवं."

विजीने वाकून मला ओढलं. टेबल कलंडलं आणि तळलेले ताहू घरंगळत अंगणात गेले. "गेले माझे ताहू! एका लाकडापायी!" म्बोक ओरडत होती. विजी राखेने माझी पाठ घासत होती. राखेखालून हिरवा रंग दिसू लागला, तेव्हा मला जे वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही. माझ्याकडे एकच शब्द आहे आणि तो वेगळ्या कामाचा.

पांनी स्वयंपाकघराच्या जमिनीवर वाक्य मांडलं. निळी, मग 'स्टिल', मग लाल 'कॅन', तिला चिकटून काळी 'नॉट', मग पिवळी.

"हे बघ. 'स्टिल' पुढे धावलीय. म्हणजे तू 'नाही' म्हणायच्या आधीच कुरकुर ऐकू आली. आता हिला काढ. आणि या धाकटीला शेवटी ठेव."

विजीने मला पिवळीच्या मागे ठेवलं.

"वाच."

तिने वाचलं. मग पुन्हा वाचलं, हळू.

"बलुम," ती म्हणाली.

"बलुम," पा म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

पुढचे पंधरा दिवस स्वयंपाकघराचाच वर्ग झाला. म्बोक हातात झारा घेऊन परीक्षक व्हायची. तिला इंग्रजी यायचं ते गल्लीत ऐकून ऐकून, पण आव असा की विचारू नका.

"कॅन यू फ्राय ताहू?"

"आय कॅन ऑलरेडी फ्राय ताहू," विजी म्हणे.

"खोटारडी! कालचा घाणा करपवलास ना? म्हण, नॉट येट!"

हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी यायचं. आणि मित्रांनो, त्या पंधरा दिवसांत मला जितक्या वेळा उचललं, तितकं आधीच्या वीस वर्षांत कुणी उचललं नव्हतं. निघायच्या दिवशी पांनी मला विजीच्या पिशवीत टाकलं. "घेऊन जा. इथे पुन्हा टेबलाखालीच जायची," ते म्हणाले. म्बोकने टेबलासाठी कौलाचा तुकडा आधीच शोधून ठेवला होता.

सुराबायाच्या त्या खोलीत पंखा होता, लांब टेबल होतं, आणि त्याच बाई होत्या. विजीची पिशवी तिच्या मांडीवर होती आणि पिशवीत मी. नाव, गाव, किती बाळंतपणं, सगळं सुरळीत झालं. मग बाईंनी कागद पालटला आणि तोच प्रश्न विचारला.

विजी म्हणाली, "नो. आय कॅनॉट..." आणि थांबली.

सगळं विसरली ती! पिवळं क्रियापद कसंबसं बाहेर आलं आणि पुढे काही नाही. खोलीत पंख्याचाच आवाज. बाईंनी पेन उचललं. मी पिशवीत नुसती तडफडत होते. अगं, बोल! अजून वाक्य संपलेलं नाही! पण लाकडाला कुठला आवाज?

आता नीट ऐका, मित्रांनो. 'कॅनॉट' तोंडातून गेलं, म्हणजे त्याच्या पुढची जागा गेली. 'स्टिल'ला आता यायचं म्हटलं तरी येता आलं नसतं. 'प्रॉबेब्ली'लाही नाही. मधल्या जागाही मागे पडल्या होत्या. त्या अख्ख्या वाक्यात एकच जागा शिल्लक होती, शेवटची. जिच्यामुळे मी जन्मभर मागे राहिले, ती. विजीचा हात पिशवीत आला. तिचं बोट माझ्या अक्षरांवर पडलं, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या.

"...येट," विजी म्हणाली.

पेन थांबलं. बाईंनी वर पाहिलं. "म्हणजे?"

मग विजी बोलली. मोडकंच बोलली, पण बोलली. दवाखान्यातली पेटी, ते निळं बाळ, बाजूने जाणारी हवा, अर्धी वाट. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि आम्ही शिकवलं तर?"

"आय विल डेफिनेटली लर्न."

हिरवी लालच्या मागे, पिवळ्याच्या पुढे. जागच्या जागी! पा तिथे असते तर टेबलावर चढून नाचले असते.

तीन आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं, ते दाखवायला आम्ही पारेला गेलो. म्बोक रडली आणि वर म्हणाली, "कांदा कापत होते." कांदा कुठे दिसत नव्हता. विजी मला घेऊन सिंगापूरला गेली. वर्षभर मी तिच्या खोलीतल्या टेबलावर होते आणि रोज रात्री ती काय काय शिकून आली ते ऐकत होते. मग आम्ही डोंगरावर परत आलो. आता मी तिच्या दवाखान्यात असते, खिडकीच्या फळीवर, कापसाच्या बरणीशेजारी. ती कामात असताना मला हात लावत नाही, स्वच्छतेचे नियम कडक आहेत. पण मला सगळं दिसतं.

गेल्या महिन्यात सकाळी नऊच्या सुमाराला एक पहिलटकरीण आली. बाळ झालं ते गप्प. हालचाल नाही, रंग जांभळट. विजीने त्याला पुसलं, पाठ चोळली. काही नाही. तिने पेटी उघडली. मुखवटा बाळाच्या तोंडावर ठेवला, बोटं कशी टेकवली ते मी पाहिलं, हवा बाजूने गेली नाही. फुगा दाबला. सोडला. दाबला. एवढीशी छाती वर उचलली गेली.

"रडलं का गं?" पलंगावरून आईने विचारलं.

"अजून नाही," विजी म्हणाली. हात चालूच.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. मी फळीवर होते आणि माझ्यात पलंगाच्या लाकडाची जी काही ताकद असेल, ती सगळी पणाला लावून मी त्या मुलाकडे बघत होते.

"विजी, रडलं का?" आईचा आवाज फुटला होता.

"अजून नाही."

त्या दोन शब्दांत विजीचा आवाज जराही हलला नाही. आई उशीवर डोकं टेकून वाट बघत राहिली, कारण तिला कुणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं.

मग ते रडलं. आधी मांजराच्या पिल्लासारखं, मग असं की बाहेर ओट्यावर बसलेल्या बापाने हातातला कॉफीचा पेला सांडला. विजी खाली बसली आणि तीही रडली.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला भिंतीवर टांगू नका, हार घालू नका. पण तुमच्या वर्गात, घरात, शेजारी कुणी 'मला येत नाही' म्हणून मान खाली घातली, तर त्याचं वाक्य तिथेच संपवू देऊ नका. त्याच्या शेवटी मला ठेवून द्या. मला उशिरा आलेलं चालतं.